बाबांचा रुमाल, समुद्रपूरच्या गाडीत

वर्धा ते समुद्रपूर. नकाशात बघाल तर हसाल, याला काय प्रवास म्हणायचा? पण मी हा चार वर्षं टाळला होता. "एकदा माह्यासंग यष्टीनं चाल, माही शाळा दाखवतो," बाबा दर दिवाळीला म्हणायचे. तिथल्या शाळेत ते कारकून होते. सव्वीस वर्षं रोज वर्ध्याहून अप-डाऊन केलं. मी पुण्याहून दोन दिवसांसाठी यायची आणि म्हणायची, पुढच्या वेळी नक्की. "असू दे," ते हसायचे, "पंचाहत्तर झाले का मले तिकीटच नाई. मंग फुकटात जाऊ." चौऱ्याहत्तराव्या वर्षी, चैत्रात, गेले. त्या 'पुढच्या वेळी'ची मला आजही लाज वाटते.

म्हणून या डिसेंबरात एकटीच निघाले. पर्समध्ये बाबांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल. शेवटच्या दिवशी त्यांच्या खिशात होता तो, न धुता तसाच प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. आधी मी पिशवी उघडून वास घ्यायची. आता नुसता प्लास्टिकचा वास येतो.

जाणाऱ्यांसाठी: सकाळची गाडी धरा, हिंगणघाटमार्गे दोनेक तास धरून चाला, बायकांना अर्धं तिकीट. वर्ध्याच्या स्टँडवर दाराशी धक्काबुक्की करू नका. गाडी लागली की खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा आणि निवांत चढायचं. रुमाल पडला की जागा तुमची. यात बाबा उस्ताद! मी पिशवीतून त्यांचाच रुमाल काढला, तीनदा उड्या मारल्या तेव्हा कुठे तो आत पडला.

खिडकीशी मी बसले आणि बाजूच्या जागेवरचा रुमाल उचललाच नाही. कंडक्टरने विचारलं, "इथं कोन हाय?"

"येताहेत," मी म्हणाले. गाडी सुटली तरी येताहेतच.

गावाबाहेरच्या थांब्यावर काठी टेकत एक आजोबा चढले. गाडी गच्च, रिकामी जागा ही एकच.

"बाई, कोनी येऊन राह्यलं का इथं?"

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. "बाबांची जागा आहे," तोंडातून निघून गेलं.

"कुठं हाय थे?"

आजोबांनी एकदा रुमालाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "राहू दे माय, मी उभा राह्यतो," म्हणाले आणि दांडा धरला. अगं, काय करतेयस तू? बाबा असते तर स्वतः उठले असते, वर मलाही उठवलं असतं.

"बसा आजोबा." मी रुमाल उचलला. "कोणी येत नाही."

आठ महिन्यांत हे मी पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. मग धुळीनं भरलेल्या त्याच रुमालानं डोळे पुसत राहिले. हिंगणघाटला उतरताना आजोबा एवढंच म्हणाले, "जाजो माय सांभाळून."

पुढे दोन्ही बाजूंना तूर, आणि कापूस वेचणाऱ्या बायका. समुद्रपूरला स्टँडजवळ आलुबोंडा-रस्सा खा. भयंकर तिखट, नाक पुसायला काहीतरी हाताशी हवंच. शाळेत शिपाईदादांनी बाबांची खोली दाखवली. टेबल नवं, कपाट जुनंच. खिडकीतून कडुनिंब दिसतो, त्याच्याबद्दल बाबा नेहमी सांगायचे. पाच मिनिटांत सगळं पाहून झालं. या पाच मिनिटांसाठी मला चार वर्षं वेळ मिळाला नव्हता.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. हिंगणघाटपर्यंत उभी, तोंडावर रुमाल धरून.

घरी पोचले तेव्हा सात वाजले होते. आईनं दार उघडलं, माझे डोळे पाहिले. "काऊन वं, इतकी रडली?" म्हणत हातातला रुमाल घेतला. मी चाचरतच सांगितलं की वास गेला त्याचा, सगळा धुळीनं भरला. तिनं तो नाकाशी नेला. मग माझ्यापुढे धरला. धूळ, डिझेल, घाम, रस्सा. लहानपणी रोज संध्याकाळी दारात बाबांना बिलगले की हाच वास यायचा.

"आले हे," आई म्हणाली.

आणि रोज करायची तसंच, आत जाऊन तिनं रुमाल साबणाच्या पाण्यात टाकला. मी तिचा हात धरणार होते. धरला नाही.