आमच्या आयरिशाची मेणबत्ती

मी आणि फिलूनं शेवटचं मिळून काय केलं, तर जॅमची बाटली घासली. एप्रिल होता. मेणबत्ती लावायची नोव्हेंबरात, पण बाटली रिकामी झाली की तिला दम निघत नसे. मी सुरीनं कागद खरवडत होतो. ती म्हणाली, "अहो, डिंक राहिला तिथं. दिसत नाही का?" दोन दिवसांनी ती झोपेतच गेली.

आम्ही वसईची ख्रिस्ती माणसं. दोन नोव्हेंबरला आपल्या मेलेल्यांच्या कबरीवर मेणबत्त्या लावतो. आमची माणसं पुरलीत वसईला आणि आम्ही इकडे कॅनडात, नॉर्थ यॉर्कच्या एका टॉवरमध्ये. मूलबाळ नाही. इथं आलो तेव्हा पहिली काही वर्षं दूरच्या एका गावात फळं डब्यात भरायच्या फॅक्टरीत होतो. त्या गावाच्या चौकात पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा दगड आहे. एका नावाखाली 'आयर्लंड' कोरलंय. फिलू तिथं थबकली. म्हणाली, "आयरिश म्हणजे आपल्यातलाच, कॅथलिक. याच्या आईला दिवा कुठं लावायचा तेसुद्धा कळलं नसेल. आपण लावू. आपल्यालाही कुणी लावील."

नॉर्थ यॉर्कला आल्यावरही आम्ही दरवर्षी जायचो. यंदा मी एकटा निघालो. बाटली मोज्यात गुंडाळली. हायवे सुटल्यावर मक्याची शेतं लागली, पीक काढलेलं, नुसते खुंट. फिलू असली की बसमध्ये फुग्या (नारळाच्या दुधात पीठ भिजवून तळलेले गोळे) निघायच्या. मी कॉफी घेतली. गरम होती, एवढंच. उतरलो तो चुकीच्या स्टॉपवर, कारण कुठं उतरायचं ते ती बघायची. मग फॅक्टरीवरून चालत गेलो. ती बंद पडलीय, दारात गवत वाढलंय.

चौकात दरवर्षी लांबून दिसायची ती म्हातारी गोरी बाई दगडाभोवतीची पानं दाताळ्यानं ओढत होती. मला बघून इंग्रजीत म्हणाली, "यंदा एकटेच? मिसेस कुठे?"

"मेली."

तिनं दाताळं बाजूला ठेवलं. म्हणाली, "तुम्ही त्या ह्यूसाठी येता ना? तो माझ्या आजोबांकडे गडी होता."

मग तिनं सांगितलं. ह्यू आयर्लंडच्या उत्तरेकडचा, आईबाप नसलेला. पोरवयात बोटीनं आला. गोठ्याच्या माळ्यावर झोपायचा, गाईंना शिव्या देत दूध काढायचा, तिच्या आजीनं खिडकीत गार करायला ठेवलेले ॲपल-पाय चोरून खायचा. लढाई लागली तसा भरती झाला. म्हणे, फुकटात घर बघून येतो. घरापर्यंत काही पोचला नाही. फ्रान्सच्या चिखलात तोफेचा गोळा पडला. पुरायलासुद्धा काही मिळालं नाही.

"आणि तो प्रॉटेस्टंट होता," ती म्हणाली. "कट्टर. पोपच्या विरोधातल्या मिरवणुकीत ढोल बडवायचा. तुमची मेणबत्ती दिसली असती तर फुंकून टाकली असती."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमच्या बाईचं तोंड बघून सांगवेना."

मी दगडाकडे बघत राहिलो. तो आपल्यातला नव्हता. दिवा लावणारी आईसुद्धा नव्हती त्याला. फिलूचं सगळंच चुकलं होतं.

तरी बाटलीत मेणबत्ती लावली. म्हटलं, "फुंकू दे त्याला." बाई हसली नाही, मीही नाही. मग प्रार्थना. ती नेहमी फिलू म्हणायची, मी शेवटी 'आमेन' तेवढं. अर्ध्यावर मला पुढचे शब्द येईनात. वाऱ्यानं मेणबत्ती विझली.

परतताना बाटली मांडीवर होती, आतून काळी झालेली. आपण लावतो म्हणून आपल्यालाही कुणी लावील, हे मलाही खरं वाटायचं. कोण लावणार? त्या पोरासमोर कुणी थांबलं ते 'आयर्लंड' या एका शब्दापायी, आणि तेही चुकून. फिलूला तर इथंच, नॉर्थ यॉर्कला पुरलं, आणि तिच्या कबरीवर अजून दगडच नाही. त्यावर काय कोरायचं, ते मला इतके महिने सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडवाल्याकडे गेलो. म्हटलं, तिचं नाव घाल, खाली 'वसई' घाल. बाजूला माझंही नाव घाल.

तो म्हणाला, "तुमची शेवटची तारीख नंतर कोरू. त्यासाठी जागा सोडतो. घरच्यांना फोन करायला सांगून ठेवा."

"जागा सोडू नको," म्हटलं. "फोन करायला कोणी नाही."