डॉक्टरांचा चष्मा

वडील सोमवारी वारले. सकाळी ते खाचराचा बांध बघून आले, दुपारी त्यांच्या छातीत कळ आली, आणि आम्ही त्यांना टेंपोत घालून कर्जतला दवाखान्यात नेलं.

मी तेव्हा मोहोपाड्याला एका कारखान्याच्या कचेरीत कारकून होतो. घरात ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही मीच आणला होता. आठवड्यातून एकदा डॉक्टरांची एक हिंदी मालिका लागे. आईला हिंदी कळत नसे. ती भाजी निवडत बघायची आणि मध्येच मला विचारायची, "आता काय झालं रं? वाचला का तो?"

मी पुस्तकात असायचो. एकदा मान वर न करता म्हणालो, "डॉक्टरच्या चष्म्याकडे बघत जा. चष्मा काढून खाली बघितलं की माणूस मेला. नाही काढला, तर वाचला."

आईने ते मनावर घेतलं. त्यानंतर तिने मला विचारलं नाही. बहुतेक वेळा तिचं बरोबरही यायचं.

वडील मालिकेतल्या दवाखान्याला हसायचे. "एवढा पाऊस पडतो, न् याच्या लादीवर चिखलाचा एक पाय नाय!" वारण्याआधीचा महिनाभर त्यांना चढावर दम लागत होता. दाखवून या म्हटलं, की टीव्हीकडे बोट करायचे. "तो येऊ दे आपल्या गावात, मग दावतो छाती." आम्ही हसायचो. मीही हसायचो.

कर्जतच्या दवाखान्यात लादीवर चिखल होता. आमच्याच पायांचा. नर्सबाई सांगून गेल्या, "कदाचित मुंबईला न्यावं लागेल." आई बाकावर बसून दाराकडे बघत राहिली.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, जाड भिंगांचा चष्मा होता. आईकडे सरळ बघत ते म्हणाले, "आजी, आम्ही खूप प्रयत्न केले. बाबा गेले."

आईने विचारलं, "मुंबईला? गाडी कुठनं गेली? आमाला दिसली नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आईने माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "घाबरू नको रं. चष्मा नाय काढला त्यांनी."

डॉक्टर थांबले होते. मला सांगावंच लागलं.

"आई, बाबा वारले."

मग तिने हात सोडला.

आई पुढे नऊ वर्षं होती. मालिका लागली, की उठून चुलीपाशी जायची. त्या चष्म्याबद्दल मी तिची माफी मागितली नाही, तिने तो विषय काढला नाही. आता तीही नाही. टीव्ही माळ्यावर आहे. घरात मी एकटा आहे, आणि कोणी आईवडिलांची चौकशी केली तर 'गेले' म्हणत नाही, 'वारले' म्हणतो.