बुजवलेलं पाणी

आमच्या इथे परदेशात तळ्यावर विसर्जनाला परवानगी मिळत नाही. म्हणून मंडळ दरवर्षी कुठल्यातरी पार्कात मोठा टब ठेवून त्यातच गणपती बुडवतं. यंदाचं पार्क नवीन होतं, शेजारच्या गावातलं. मधोमध हिरवळीचा एक लांबट चौकोन, इतका सपाट की बघूनच मला नकोसं झालं. एका कडेला दोन लोखंडी दांडे जमिनीतून वर आले होते, जिन्याच्या कठड्यासारखे. जिना मात्र नव्हता.

आमच्या लोकांनी सपाट जागा बघून तिथेच टब मांडला, पाइपने पाणी भरलं आणि ढोल सुरू केला. प्रत्येक ठोका पायाखालून परत येत होता, दबका, जरा उशिराने. मी दचकून खाली बघितलं.

"अगं, इको असेल," मंडळातल्या सगळ्यांत मोठ्या काकू म्हणाल्या. मोकळ्या मैदानात कसला आलाय डोंबलाचा इको!

तेवढ्यात एक म्हातारी कृष्णवर्णीय बाई हिरवळीच्या कडेला येऊन थांबली. गवतावर पाय ठेवेना. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "तुम्ही खोल बाजूला उभे आहात."

तिने सांगितलं, इथे पूर्वी गावाचा पोहण्याचा तलाव होता, फक्त गोऱ्यांसाठी. नियमच तसा होता, सरकारी. ती शाळकरी असताना तिच्या वस्तीतली मुलं उन्हाळाभर टॉवेल घेऊन फाटकाशी उभी राहायची आणि रोज हाकलली जायची. शेवटी कोर्टाने तलाव सगळ्यांना खुला करायला सांगितलं, तर गावाने तो मातीने बुजवून टाकला. तिचा पाय त्या पाण्याला कधी लागलाच नाही.

मग टबाकडे बघत तिने विचारलं, "यात मी एकदा उतरू का?"

काकूंनी मला बाजूला ओढलं. "तिला प्लीज नाही म्हणून सांग. बाप्पाचं पाणी आहे, पाय लागला तर बाटेल ना!"

म्हातारीला भाषा कळली नाही, स्वर बरोबर कळला. ती हसली. "आम्ही उतरलो तर पाणी बदलावं लागेल, असं तेव्हाही म्हणायचे."

माझं डोकंच फिरलं. बाटेल! महाराष्ट्रातून इतक्या लांब येताना नेमका हाच शब्द बरोबर आणला आम्ही!

"काकू, बाप्पा अजून पाटावर आहेत. हे नळाचं पाणी आहे," मी म्हणाले आणि म्हातारीचा हात धरला.

ती बूट काढून टबात उतरली. पाणी जेमतेम गुडघ्यापर्यंत. ढोल केव्हाच थांबला होता, पायाखालचा ठोका थांबला नव्हता. तिने उभ्या उभ्याच डोळे मिटले, चिमटीत नाक धरलं, श्वास रोखला, खालच्या त्या तलावात बुडी मारावी तसा. आणि आम्ही सगळे काठावर उभे राहून ती वर यायची वाट बघत राहिलो.