चावडीच्या दारावरची नोटीस

नोटिशीवर एकेचाळीस नावं होती. सव्विसावं माझं होतं.

भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या गावच्या तलाठ्यांनी, गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "मावशी, आठ दिवसांत सगळ्यांना बजावा. ऑर्डर तालुक्याची आहे."

"ह्यात माझंबी नाव हाय."

त्यांनी यादी बघितली. थोडा विचार केला. "मग स्वतःला बजावा आणि स्वतःची सही घ्या."

मी घेतली. 'बजावणार' ह्या रकान्यात एक सही, 'घेणार' ह्या रकान्यात दुसरी. साक्षीला समोरच्या पानपट्टीवाल्याला बोलावलं. त्यानं कागद उलटासुलटा केला आणि विचारलं, "मावशी, दुसरी बाई कुठं हाय?"

मी गावची कोतवाल होते. कोतवाल म्हणजे पोलीस नव्हे. तलाठी ऑफिसातलं सगळ्यात खालचं माणूस. दप्तर उचलायचं, टपाल न्यायचं, दवंडी द्यायची, नोटिसा बजावायच्या. आधी नवरा कोतवाल होता. तो वारल्यावर मला घेतलं. मी चौथी पास. नोटीस बजावायला तेवढं शिक्षण पुरतं. मला ती वाचायचीही सवय होती, एवढीच अडचण.

नोटीस शर्तभंगाची होती. सरकारनं ज्या अटीवर जमीन दिली ती अट मोडली, तर त्याला शर्तभंग म्हणतात. शर्तभंग सिद्ध झाला की जमीन सरकारजमा. आमची जमीन पावणेतीन एकरांचा एक गट, रस्त्याला लागून. ती महार वतनाची.

वतन म्हणजे काय ते सांगते. पूर्वी गावकामाच्या बदल्यात जमीन असे. पाटलानं गाव सांभाळायचं, कुलकर्ण्यानं दप्तर लिहायचं. आमच्या लोकांनी निरोप घेऊन पळायचं, साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, मेलेली जनावरं ओढायची. पुढं कायद्यानं वतनं संपली आणि जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या. आमच्या गावात पाटलांनी सरकारात रक्कम भरली आणि जमीन मोकळी करून घेतली. त्यांच्या सातबाऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, 'वर्ग एक' लागलं. विका, गहाण टाका, हॉटेल बांधा. आमच्यावर 'वर्ग दोन' राहिलं. परवानगीशिवाय विकायची नाही, वाटून घ्यायची नाही, वर काही बांधायचं नाही.

रक्कम भरा आणि मोकळं व्हा, असं आम्हालाही सांगत. रक्कम भरायला जमीन विकायला हवी. विकायला परवानगी हवी. परवानगीला आधी रक्कम भरायला हवी. बैल घाण्याभोवती फिरतो त्यातनं निदान तेल तरी निघतं.

ही अट आमच्या भल्यासाठी आहे, असं प्रत्येक नवा साहेब समजावून सांगे. तुमची माणसं भोळी, कुणीही फसवून जमीन घेईल. भोळी माणसं फक्त बांधाच्या अलीकडं होती. पलीकडं पाटलांची जमीन होती. तिकडं सगळे हुशार.

माझ्या सासऱ्यांनी छप्पन्न सालानंतर धर्म बदलला. घरातले देव बदलले, सण बदलले, लग्नं लावायची रीत बदलली. सातबारा बदलला नाही. तिथं आम्ही अजून महारच होतो आणि कामावरच होतो.

तर शर्तभंग केला होता हौसानं. हौसा माझी धाकटी जाऊ. आमची वस्ती ओढ्याच्या काठाला. एका पावसाळ्यात पाणी चुलीपर्यंत आलं. भांडी तरंगली, म्हैस रात्रभर गुडघाभर पाण्यात उभी राहिली. हौसा एकटी बाई. तिनं रस्त्याकडच्या उंचवट्यावर, स्वतःच्या वाट्याच्या रानात, पत्र्याची एक खोली बांधली. त्याआधी सात वर्षं ती वाटणीची परवानगी मागत होती. दर वेळी एकच उत्तर. गट अविभाज्य शर्तीचा आहे. तुकडा करून देता येत नाही. एका हिश्श्यापुरता वेगळा विचार करता येत नाही. हौसाला ते उत्तर पाठ झालं होतं.

खोली कुणाला खुपली? धनाजीरावांना. त्यांचं हॉटेल शेजारच्या गटात, जुन्या पाटील वतनाच्या जमिनीत, वर्ग एक. पुढं गाड्या लावायला जागा पुरत नव्हती. आमची जमीन सरकारजमा झाली, तर सरकारकडनं भाड्यानं घ्यायची असा त्यांचा बेत होता. त्यांनी तालुक्याला अर्ज केला. अर्जात लिहिलं होतं, कायद्याचं राज्य राहिलं पाहिजे.

मोजणीदार आला तेव्हा साखळीचं एक टोक मी धरलं होतं. त्यानं ऊन वाढायच्या आत काम उरकलं, नकाशा काढला आणि गटातली बांधकामं चौकोनांनी दाखवली. चौकोन दोन होते. एकात लिहिलं होतं 'पत्र्याची खोली'. दुसऱ्यात काय लिहिलं होतं ते भाऊसाहेबांनी वाचलं नाही. त्यांनी शिक्का मारला आणि नकाशा फाईलला लावला. शिक्का मारणारा माणूस खालचा कोपरा बघतो, मधलं बघत नाही.

मी नोटिसा घेऊन निघाले. पाचजण कबनूरला मागावर होते. यंत्रमागांच्या त्या खडखडाटात नोटीस वाचून दाखवायची म्हणजे ओरडावं लागतं. माझा चुलत दीर म्हणाला, "आरं, आपली जमीन हाय हे आज कळलं, तवर जायाबी लागली व्हय?" त्यानं सही केली आणि परत मागावर गेला.

अकराजण मयत होते. मयताच्या नोटिशीवर 'इसम मिळून आला नाही' असं लिहायची पद्धत आहे. माझे सासरे वारून वीस वर्षं झाली होती. तेही मिळून आले नाहीत.

शेवटी बांधकामं राहिली. ऑर्डरमधलं वाक्य सरळ होतं. 'सदर गटातील प्रत्येक बांधकामाचे दर्शनी भागी नोटिशीची प्रत डकवून पंचनामा करावा.' मी घरी गव्हाच्या पिठाची खळ शिजवली आणि आधी हौसाच्या खोलीवर गेले.

"आक्का, तूबी?" हौसा दारात उभी होती.

"ड्युटी हाय."

"मग नीट लाव. वाकडी नको. रोज बघायची हाय मला."

मी सरळ लावली. मग पंचांना घेऊन रस्ता ओलांडला आणि दुसरी प्रत दुसऱ्या बांधकामाच्या दाराला लावली.

दुसरं बांधकाम म्हणजे आमचं तलाठी ऑफिस. गाव त्याला चावडीच म्हणतं. जुनी चावडी पडल्यावर रस्त्यालगत नवी बांधली. जागा कुणाची, ते तेव्हा सगळ्यांना माहीत होतं. महारकीची जागा, विचारायचं कुणाला? विचारलं नाही. रस्ता आमच्या गटातूनच जातो. त्याच्या पलीकडचा तुकडाही आमचाच, हे पोरासोरांना ठाऊक होतं. कागदावर मात्र ते पहिल्यांदाच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब कुलूप काढायला गेले. नोटीस बरोबर कुलपाच्या वर होती. सातबारे नेहमी बोटानं वाचत, ही त्यांनी डोळ्यांनी वाचली.

"मावशी! हे काय?"

"शर्तभंग."

"कुणाचा?"

"तुमचा. म्हंजे सरकारचा."

"काढा आधी ते!"

"पंचनामा झालाय. काढायला ऑर्डर लागंल."

त्यांनी नखानं कोपरा उचकटून बघितला. गव्हाची खळ होती. 'शर्तभंग' हा शब्द दारावरच राहिला, भोवतीचा कागद फाटला.

दोन दिवसांनी तहसीलदार साहेबांनी मला तालुक्याला बोलावलं. माणूस तरुण होता. समोर नकाशा पसरलेला.

"ऑफिसच्या दारावर नोटीस कुणी लावली?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्या. सही तुमची हाय. 'प्रत्येक बांधकाम' असं लिवलंय."

साहेबांनी ऑर्डर वाचली. मग नकाशा वाचला. मग भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेब पंख्याकडं बघत होते.

"अहो, ते सरकारी ऑफिस आहे."

"व्हय साहेब. जमीन तेवढी आमची हाय."

मला नोकरीवरून काढतील असं वाटलं होतं. काढलं नाही. काढायला कारण लिहावं लागतं आणि कारण लिहिलं की ते फाईलला लागतं.

साहेबांनी हेडक्लार्कला बोलावलं. जमीन जमा केली तर सरकारनंच शर्त मोडली हेही फाईलला लागेल, त्याआधी ऑफिसापुरती जागा वेगळी करून नियमित करून घ्या म्हणाले. हेडक्लार्क जुना माणूस. त्यानं नियम सवयीनं सांगितला. "साहेब, गट अविभाज्य शर्तीचा आहे. एका बांधकामापुरता वेगळा विचार करता येत नाही." सात वर्षं त्यानं हेच हौसाला सांगितलं होतं. मी तिथंच उभी होते. मला हसू आलं, मी पदर तोंडाला लावला.

शिवाय नावं असलेल्या सगळ्यांची संमती लागणार होती. म्हणून भाऊसाहेब हौसाच्या खोलीवर आले. सहा वर्षांत पहिल्यांदा आमच्यातल्या कुणाच्या उंबऱ्याच्या आत. ह्याआधी कधी आले तर बाहेर उभे राहत. चहा विचारला की "आत्ताच झाला" म्हणत.

हौसानं खोलीत पोतं अंथरलं. "बसा भाऊसाहेब. च्या घ्या."

"आत्ताच—" म्हणाले आणि माझ्याकडं बघून थांबले. "घेतो."

चहा प्याले. कपाचा कान मोडका होता, तरी प्याले. मग कागद काढला. "हौसाबाई, इथं अंगठा द्या. ऑफिसच्या जागेला तुमची हरकत नाही म्हणून."

"देते की. आन् माझ्या खोलीचं?"

"ते वेगळं प्रकरण आहे."

"आसं कसं? गट अविभाज्य हाय न्हवं? एकापुरता इचार करता येत न्हाय. तुमच्याच ऑफिसात शिकले मी."

भाऊसाहेब म्हणाले, "तुमची खोली आणि सरकारी ऑफिस एका कागदावर कसं बसवणार?"

"एका रानात बसलंय की."

त्यांनी दुसरा कप मागितला. हौसानं दिला, पण अंगठा दिला नाही. मग त्यांनी कबनूरला फोन लावून घेतला. चुलत दीर म्हणाला, हौसावैनी देईल त्या दिवशी आम्ही देतो. मयत तर कुणाचंच ऐकत नव्हते.

पुढच्या आठवड्यात नवा कागद आला. 'सदर गटातील दोन्ही बांधकामे'. हौसानं अंगठा दिला. शाई पुसायला भाऊसाहेबांनी स्वतःचा रुमाल पुढं केला. तिनं पुसला आणि रुमाल धुऊन परत दिला. मग बाकीच्यांच्या सह्या आल्या, मयतांपुढं परत 'मिळून आला नाही' लागलं.

सात वर्षं जे झालं नाही ते दीड महिन्यात झालं. प्रस्ताव वर गेला, ऑर्डर खाली आली. सार्वजनिक हित लक्षात घेता दोन्ही बांधकामे नियमित. शर्तभंगाचं प्रकरण बंद. सार्वजनिक हितात हौसाची म्हैसही आली, कारण तिचा गोठा खोलीला लागून होता.

धनाजीराव चावडीत येऊन ओरडले, "कायद्याचं राज्य राहिलं न्हाय!" भाऊसाहेबांनी त्यांना चहा पाजला.

हौसाला वाटलं, आता जमीन मोकळी झाली. ती नवा सातबारा काढायला आली. भाऊसाहेबांनी लिहून दिला, मी वाचून दाखवला. भोगवटादार, वर्ग दोन. खाली एकेचाळीस नावं. अकरा मयत तशीच.

"म्हंजे काय बदललं, आक्का?"

"तुझी खोली ऱ्हायली."

"आन् जमीन?"

"ती हाय तिथंच हाय."

तिनं उतारा घडी करून पिशवीत टाकला आणि म्हशीला पाणी पाजायला गेली.

मी नंतर चार वर्षांनी रिटायर झाले. माझ्या जागी आलेल्या पोरीला दप्तराच्या किल्ल्या दिल्या आणि एकच गोष्ट शिकवली. गरिबाच्या दारावर नोटीस लावताना खळ पातळ कर, पाऊस आला की निघून जाईल. सरकारच्या दारावर लावायची वेळ आली, तर गव्हाचं पीठ वापर आणि चांगलं शिजव.