बंद पडलेल्या नंबराची भिंत

बशीरभाई गेल्याचं मला रंगाच्या दुकानात कळलं. घराच्या फाटकासाठी रंगाचा डबा घ्यायला गेलो होतो. दुकानदार डबा पुसता पुसता म्हणाला, ‘तुमचा पेंटर गेला ना सकाळी. दुपारच्या नमाजनंतर पडेगावला माती आहे.’ तुमचा, म्हणाला तो... त्या माणसाशी मी चार वर्षं एक शब्द बोललो नव्हतो, हे त्याला कुठून माहीत असणार. डबा तिथंच ठेवून मी बाहेर आलो आणि गाडीत नुसता बसून राहिलो.

आमचा कूलरचा कारखाना. ‘थंडावा कूलर’ हे नाव वीस वर्षं गावोगावच्या भिंतींवर लिहिलं ते बशीरभाईंनी. होळीच्या आधी मोपेडला डबे टांगून ते निघायचे, सिल्लोडच्या रस्त्याला, खुलताबादच्या बाजूला. भिंत मागायची त्यांची रीत ठरलेली होती. घरमालक वाटेत भेटला तरी त्याला विचारायचे नाहीत. दारात जाऊन बाईला विचारायचे. ‘भिंतीकडं रोज बघायचं तिला अस्तंय, शेठ. मालकाच्या होकाराला काय करू?’ बाई हो म्हणाली की आधी तिच्या दाराची चौकट रंगवून द्यायची, वर तिला हवं ते नाव लिहायचं, आणि मग आमची जाहिरात. पुढच्या वर्षी तीच भिंत, तीच बाई, तरी पुन्हा विचारणं आलंच. मला हा वेळकाढूपणा वाटायचा. पण इतक्या वर्षांत आमच्या नावावर कुणी गोवऱ्या थापल्या नाहीत, आणि गावाकडच्या माणसाला यातलं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवातीला मी हौसेनं चांगला चार ओळींचा मजकूर लिहून दिला होता. तो वाचून बशीरभाईंनी कागद घडी करून खिशात घातला. ‘गाडीवरला माणूस चार शब्द वाचतो. पाचव्याला खड्डा येतो.’ मग भिंतीवर राहिलं ते फक्त नाव आणि दुकानाचा फोन नंबर. माझा मजकूर कायमचा त्यांच्या खिशातच राहिला.

मग लॉकडाऊनचा उन्हाळा आला. कूलरवाल्याचं वर्ष म्हणजे तीन महिने, तेच घरात बसून गेले. पुढच्या वर्षीही बाजार उठेना. धंद्यात ओढाताण सुरू झाली की आपण सगळ्यात आधी जाहिरातीवर कात्री चालवतो. कामगार समोर उभा असतो, पत्र्याचा व्यापारी दारात येतो. जाहिरात बिचारी तोंडानं काही मागत नाही. मी भिंती बंद केल्या. चौकातला मोठा फलक मात्र ठेवला. त्यावर माझा हात जोडलेला फोटो होता. तो ठेवायला मी कारणंही बरीच शोधून काढली होती.

बशीरभाई कारखान्यात आले, चहा घेतला आणि म्हणाले, ‘शेठ, फोटो उतरवा, भिंती राहू द्या. चौकातले लोक तुम्हाला वळखतेतच. मंदीत माणूस कूलर घेत नाय, पण नाव ध्यानात ठेवतो. हातात पैसा आला की ध्यानातलंच नाव घेतो.’

‘तुमचं पोट आहे त्याच्यावर, म्हणून बोलताय,’ मी म्हणालो.

‘व्हय, पोट तर हायेच,’ ते म्हणाले, आणि कप खाली ठेवून उठले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

महिन्याभरानं सिल्लोडच्या रस्त्याला मी त्यांना शिडीवर पाहिलं. आमचं नाव पुसून त्याच भिंतीवर ते दुसऱ्या कूलरवाल्याचं नाव लिहीत होते. मी गाडी थांबवली आणि चार माणसांत त्यांना नमकहराम म्हणालो. त्यांनी वळून पाहिलं, ब्रश डब्यात बुडवला आणि अर्धं राहिलेलं अक्षर पुरं करायला लागले. काम मी बंद केलं होतं आणि निष्ठाही मीच मागत होतो. पुढं बाजार सुधारला तेव्हा गावाकडची गिऱ्हाइकं दुकानात येऊन विचारायची, ‘तुमचं बंद झालतं ना?’ बशीरभाईंचं म्हणणं तंतोतंत खरं ठरलं, आणि नेमक्या त्याच कारणानं मला त्यांच्याकडं जाववेना. दरम्यान दुकानाचा जुना फोनही मी काढून टाकला.

त्या दुपारी पडेगावला पहिल्यांदाच त्यांच्या घरी गेलो. माणसांच्या गर्दीतून त्यांच्याच घराची समोरची भिंत दिसली. थंडावा कूलर. अक्षरं ताजी, यंदाचीच, आणि खाली दुकानाचा तो बंद पडलेला नंबर. माती देऊन परतल्यावर त्यांच्या पत्नी, हमीदाभाभी, दारातूनच म्हणाल्या, ‘दर साल लिवायचे. मी म्हणायची, कुणी काम दिलं तुम्हाला? तर म्हणायचे, बाकीच्या भिंती पोटाला दिल्या, ही आपली हाय.’ मला रडू आवरलं नाही. भोवती बायका-माणसं होती, तरी आवरलं नाही.

आता बाजार पुन्हा थंड आहे. गेल्या आठवड्यात मुलानं यंदाच्या खर्चाची यादी आणली, तीत, मधल्या काळात पुन्हा सुरू केलेल्या भिंतींवर त्यानं आधीच काट मारली होती. बापाचंच पोर ते. फोटो उतरव आणि भिंती ठेव, एवढंच मी त्याला सांगितलं आणि पडेगावला गेलो. बशीरभाईंची मुलगी नसीम शाळेत शिकवते. शेवटची दोन वर्षं त्यांचा हात थरथरायचा, म्हणून घरची भिंत त्यांच्या सांगण्यावरून तीच लिहायची. मी चाचरत म्हणालो, ‘हा नंबर बंद आहे, बेटा. त्यांना माहीत नसणार...’

‘माहीत होतं, अंकल. मीच लावून बघितला होता,’ ती म्हणाली. ‘नवा नंबर दुकानातून आणते म्हटलं, तर अब्बा नाय म्हणाले. शेठ येऊन सांगतील, तवा बदलू.’

तिनं आतून ब्रश आणला, जुना नंबर पुसला आणि माझ्याकडं पाहिलं. मी एकेक आकडा सांगत गेलो, ती लिहीत गेली. दहा आकडे. सांगायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.