साडूंनी पेणला आणलेलं वादळ

आमच्या साडूंइतक्या ठाम आवाजात चुकणारा माणूस रोह्यात, पेणमध्ये किंवा मधल्या एकाही थांब्यावर मी पाहिलेला नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान रोह्याला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करायचे आणि उरलेला सगळा वेळ समुद्रातल्या वादळांना द्यायचे. समुद्राशी त्यांचा संबंध म्हणावा, तर होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं. पण अंदमानजवळ कुठे कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचं कानावर आलं, की यांची रोह्यात अन्नावरची वासना उडायची. ही नव्वद सालानंतरची गोष्ट. टीव्ही घरोघरी आले होते, तरी साडूंचा भरवसा ट्रान्झिस्टरवर. बातम्यांत अक्षांश-रेखांश सांगितले की ते तळहातावर लिहून घ्यायचे आणि भिंतीवरच्या शाळेतल्या जुन्या नकाशात तिथे टाचणी खुपसायचे. टाचण्या मेव्हणीच्या शिवणाच्या डब्यातल्या. मग टाचणीला लोकरीचा धागा बांधून वादळाचा पुढचा मार्ग. वादळ कुठल्याही समुद्रात असो, धागा शेवटी पेणलाच, आम्हा दोघांच्या सासुरवाडीला यायचा. "अहो, रेडिओवर तर म्हणतायत दिशा अजून नक्की नाही," असं मी म्हटलं, की ते माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहायचे. "त्यांना नोकरी सांभाळायची हाय, साडू. आपल्याला कसली भीती?"

कोलाडला त्यांच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या संध्याकाळी यांनी वादळाच्या नावाखाली मांडव उतरवायला लावला. वादळ गेलं ओरिसाला आणि वऱ्हाड मे महिन्याच्या उन्हात पापडासारखं भाजलं. नवरदेवाला घेरी आली. साडू त्याला कांदा हुंगवता हुंगवता सांगत होते की वाऱ्याने ऐनवेळी दगा दिला, गणित बरोबरच होतं. रोह्यातल्या भिंतीसमोर उभं राहून बंगालच्या उपसागरातली वादळं वळवायची, याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. आणि इतकं बोलून माणसाच्या आयुष्यात एकदाही बोलाफुलाला गाठ पडू नये, याचंच मला आश्चर्य वाटायचं.

एका जूनच्या सुरुवातीला मात्र वादळ खरोखरच अरबी समुद्रात उठलं. आमच्या सासऱ्यांचं मिठागर पेणच्या खाडीकाठी. हंगामाचं सगळं मीठ बांधावर रास करून ठेवलेलं होतं आणि घराचं वर्षाचं पोट त्या राशीवर होतं. पावसाआधी रास गवताने शाकारून तिथेच ठेवायची, ही तिथली पिढ्यांची रीत. त्या वेळी मी सासरीच होतो. साडू सुटी टाकून मेव्हणीला घेऊन सकाळच्या एसटीने येऊन थडकले.

"मामा, मीठ घरात घ्या. परवा वादळ पेणवर."

"गवत घातलंय ना, जावय," सासरे म्हणाले. "मीठ घरात रडतंय. बांधावरच बरं हाय."

"गवत पावसाला पुरंल, मामा. भरती बांधावरनं आली तर?"

सासऱ्यांनी एकदा खाडीकडे पाहिलं आणि रिकाम्या गोणी काढायला सांगितल्या. दोन दिवस आम्ही सगळ्यांनी डोक्यावरून गोणी वाहिल्या. त्यात मीसुद्धा, ज्याने लेखणीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. ओटी भरली, पडवी भरली. साडू एक गोण उचलायचे, चार गोणी कशा रचाव्यात ते सांगायचे आणि मध्येच ट्रान्झिस्टर कानाला लावायचे.

तिसऱ्या दिवशी पेणमध्ये झाडाचं पान हललं नाही. दमट हवेत मीठ मात्र सासऱ्यांच्या शब्दाला जागलं. गोणींखालून पाणी सुटलं, ते ओटीवरून माजघरात गेलं आणि भाताच्या बियाण्याच्या कणगीखाली शिरलं. सासूबाई बियाणं उपसता उपसता थोरल्या लेकीवर ओरडल्या, "गो, सांग तुज्या नवऱ्याला! वादळ नाय आलं, पण खाडी घरात आणली त्यांनी!"

दुपारच्या बातम्यांत कळलं, वादळ वळून गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं. "सुटलो!" सासऱ्यांनी हात जोडले. सासूबाई देवापुढे साखर ठेवायला उठल्या. मी तर दोन दिवसांच्या मानदुखीचं उट्टं काढायला टपलेलोच होतो. "काय साडू, पळालं की तुमचं वादळ!"

आता गणित ऐकावं लागणार, असं मी धरून चाललो होतो. साडू पायरीवर बसून होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

"तिकडं पण मिठागरं हायत, मामा," ते म्हणाले. "आपल्याहून मोठी. माणसं बांधावरच झोपड्या घालून ऱ्हातात. त्यांना कोण सांगाय गेलं असंल?"

सासऱ्यांचे जोडलेले हात खाली आले. साखरेची वाटी सासूबाईंच्या हातात तशीच राहिली. संध्याकाळच्या बातम्यांत माणसं वाहून गेल्याचं सांगितलं, तेव्हा त्या घरात कोणी जेवायला बसलं नाही. मला माझ्या थट्टेची फार लाज वाटली.

पुढेही साडू नेमाने चुकत राहिले आणि मी नेमाने हसत राहिलो. आता ते थकलेत. वादळाची बातमी नातवंडंच त्यांना टीव्हीवर पाहून सांगतात. "आजोबा, वळलं, वळलं!" म्हणून ती टाळ्या पिटतात. साडू हळूच विचारतात, "मग गेलं कुणाकडं?" त्यावर मला अजून एकदाही हसता आलेलं नाही.