तुसाच्या शेगडीवरचं मटण

आमच्या ह्यांना इटलीचं मटण करता येतं, असं कुंभकोणमात कुणाला सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. लढाईच्या दिवसांत हे बंगळूरला इटालियन कैद्यांच्या छावणीत स्वयंपाकी होते. तिथल्या एका कैद्यानं शिकवलं. मांसाचा अखंड तुकडा घ्यायचा, चारी अंगांनी लाल परतायचा, कांदा, गाजर, टोमॅटो नि द्राक्षाची दारू घालून झाकण लावायचं, आणि मग सहा तास भांड्याला हात लावायचा नाही. मिरची नाही, खोबरं नाही, चिंच नाही. ऐकूनच माझ्या तोंडाची चव जायची.

लढाई संपली, कैदी आपल्या मुलखाला गेले, आम्ही इथं कुंभकोणमात, मेलकावेरीला परत आलो. त्याच साली जवळच्या मरुदानल्लूरच्या मठातल्या भजनात ह्यांनी तुळशीची माळ घातली आणि मांस सोडलं. मला कुणी विचारलं नाही. ह्यांनी सोडलं, म्हणून मीही सोडलं. पण रांधणं कसं सुटणार? "हात पोटाचे, जीभ विठोबाची," असं हे म्हणायचे. लोकांकडे मांस रांधायचे आणि चाखायचे नाहीत. मिठाचा अंदाज तळहाताचा.

चार-पाच वर्षं तो अंदाज चुकला नाही. मग चुकायला लागला. एका घरी रस्सा अळणी, दुसऱ्या घरी खारट जहर. दोन्हीकडून निघावं लागलं. "जीभ देवाला दिली, आता असं होणारच," असं हे म्हणाले आणि मलाही ते पटलं. तेव्हापासून आम्ही धाकट्या दिराच्या ओट्यावर राहत होतो. जाऊ वाईट नव्हती हो, पण भात वाढताना उसासा टाकायची. दोन वर्षं तो उसासा मी भाताबरोबर गिळला. थकून गेले होते मी.

चौपन्न साली तिरुविडैमरुदूरच्या वाटेवरच्या भाताच्या गिरणीत नवं यंत्र आलं आणि ते बसवायला इटलीचा एक साहेब आला. सांबार-भात खाऊन खाऊन महिन्याभरात त्याचा चेहरा उतरला. गिरणीचे मॅनेजर राधाकृष्ण गावभर विचारत फिरले आणि आमच्या ओट्याशी येऊन थांबले. "तुकोजी, रविवारी दुपारी करून दाखवा. साहेबाला आवडलं तर बंगल्याचा स्वयंपाक कायमचा तुमचा. मागची खोलीही तुमची." स्वतःची खोली! मी त्या रात्री देवाला काय काय बोलले, ते सांगत नाही.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही बंगल्यावर गेलो. गिरणीत तुसाला काय तोटा? ह्यांनी पत्र्याच्या डब्यात मधोमध एक रिकामी बाटली उभी धरली, भोवती तूस ठासून भरलं आणि बाटली अलगद उपसली. त्या भोकात निखारा टाकला की शेगडी दुपारपर्यंत न फुंकता धुमसते. दारूबंदीचे दिवस, पण साहेबाकडे परवाना होता. त्यानं दिलेली बाटली ह्यांनी धोतराच्या सोग्यानं धरली आणि तोंड फिरवून ओतली. एवढी थकलेली असूनही मला हसू आलं. "हसतेस काय? गाजर चीर," म्हणाले.

बोकडाची अखंड मांडी होती. मिठाची बरणी मीच ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी जाडं मीठ तळहातावर घेतलं, दोनदा घेतलं, आणि मांडीला चोळलं. मी समोर उभी होते. मग परतणं झालं, बाकीचं सगळं आत गेलं, झाकण ठेवून कडेनं कणीक थापली. तेव्हा सात वाजले होते.

अकराच्या सुमारास हे एकदम उठले. "गोदे, मी मीठ घातलंच नाही."

"घातलंत की. मी बरणी दिली नाही का?"

"नाही घातलं. उगाच माझी समजूत काढू नकोस." बरणी उघडून मूठ भरलीसुद्धा.

ती मूठ आत गेली असती, तर संध्याकाळी आम्ही पुन्हा ओट्यावर. "थांबा," मी म्हटलं, "मी चाखते."

"तू?"

"मग कोण? गिरणीचा भोंगा?"

मी चाकूनं कणीक सोडवली. वाफ अंगावर आली. काळसर दाट रस्सा पळीत घेतला, मांसाचा एक धागा घेतला आणि तोंडात टाकला. आठ वर्षांनी. चव इतकी चांगली होती, की मला रडूच कोसळलं. आणि मीठ? मीठ अगदी बरोबर होतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"कसं असेल? मी घातलं नाही, तर आलं कुठून?"

हे माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षांच्या संसारात ह्यांना इतकं घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हा मला कळलं. माळेचा काही दोष नव्हता. जिभेचाही नव्हता. ह्यांना आठवतच नव्हतं. आणि ते आता ह्यांनाही कळू लागलं होतं.

"मी घातलं," मी म्हणाले. "तुम्ही विहिरीवर गेला होतात ना, तेव्हा."

चेहऱ्यावरची भीती गेली आणि तिच्या जागी राग आला. बाई गं, काय तो राग! स्वयंपाक्याच्या भांड्यात न विचारता हात घालते, लाज नाही वाटत, कैद्यांनीसुद्धा असं कधी केलं नव्हतं. कणीक पुन्हा थापेपर्यंत हे बोलत होते. मी ऐकून घेतलं. इतक्या शिव्या खाऊन इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं.

साहेबानं दोनदा मागून घेतलं. ताटलीतला रस्सा पावाच्या तुकड्यानं पुसून खाल्ला, मग स्वयंपाकघरात येऊन ह्यांचे दोन्ही हात धरून हलवले. मॅनेजरांनी खोलीची किल्ली दिली. आमचे हे सरळ माणूस. मॅनेजरांना म्हणाले, "मीठ माझं नव्हतं, बायकोनं घातलं. पुन्हा असं होणार नाही. उद्यापासून ती ह्या स्वयंपाकघरात पाय ठेवणार नाही." मॅनेजर हसले. मी मात्र बाहेर येऊन विचार करत बसले, आता त्या बरणीवर नजर ठेवायची कशी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुपात तांदूळ घेऊन मागच्या पायरीवर बसले. पायरी बाहेरची, तिथं बसायला बंदी नव्हती. दारातून ह्यांचे हात दिसत होते. ह्यांनी बटाट्यांत मीठ घातलं, ढवळलं, खिडकीतून थोडा वेळ बाहेर बघितलं आणि पुन्हा बरणीकडे हात नेला.

"अहो," मी पायरीवरूनच म्हटलं, "मीठ घातलंय मी. तुम्ही लाकडं आणायला गेला होतात तेव्हा."

"पुन्हा? गोदे, पुन्हा हात घातलास?" हे ओरडले आणि बरणी आपटून खाली ठेवली.

"चुकलं," मी म्हटलं, आणि तांदळातले खडे वेचत बसले.